वाकड्या तुऱ्याची कोंबडी

झेन्सव्हिल, ओहायो
४ मार्च १९९६

प्रिय यूनिसवहिनीस,
सा. न. वि. वि.

पेटी हळू उघड. चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत ही निळ्या काचेची कोंबडी मिळाली. खाली घरट्याचा वाडगा, वर कोंबडीचं झाकण. डेल्मरदादा जन्मभर काचेच्या कारखान्यात लोखंडी साचे कोरत राहिला, पण घरी एक बशीसुद्धा आणली नाही. तो गेल्यापासून त्याच्या साच्यातलं काहीतरी हाती लागावं म्हणून तू किती बाजार पालथे घातलेस! ही त्याचीच असं माझं मन म्हणतंय. जुन्या काचसामानाची पुस्तकं तू वाचतेस, तूच सांग.

आमचे हे म्हणतात, कोंबडी नुसतीच कशी पाठवतेस, रश्शात शिजवायला सोबत शेवया नकोत का?

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी लव्हॉन

सिस्टर्सव्हिल, वेस्ट व्हर्जिनिया
१२ मार्च

चि. सौ. लव्हॉनला,
अ. आ.

कोंबडी सुखरूप पोचली. लगेच उलटी केली. तळाला आपल्याच कारखान्याची खूण आहे, पण तिच्याखाली बारीक आठ आहे. तो आकडा ऐंशीनंतरच्या मालावर घालत. डेल्मर गेला अठ्ठ्याहत्तरला. तेव्हा ही त्याची नव्हे. तुझ्या समाधानासाठी हो म्हणता आलं असतं, पण मग रोज तिच्याकडे बघायचं मलाच होतं.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. अशा पुष्कळ वस्तू मी उलट्या करून परत ठेवल्या आहेत. माझ्यासाठी तू त्या विक्रीला थंडीत रांगेत उभी राहिलीस, हे मी विसरणार नाही. कोंबडी परत पाठवू का?

घरच्यांना माझी आठवण सांग, आणि तूही ठेव.
तुझी वहिनी, यूनिस

झेन्सव्हिल
१८ मार्च

प्रिय वहिनीस,
सा. न. वि. वि.

पाठवलीस तर खबरदार! तुझी खोड काही जायची नाही. गेल्या ईस्टरला बटाट्याच्या सॅलडसकट माझा वाडगा उलटा करायला निघाली होतीस. खूण वाचलीस, पण बिचारीचं तोंड बघितलंस का? तुरा उडालाय म्हणून विकणाऱ्या बाईने किंमत उतरवली. मी बोट फिरवलं, तर कड गुळगुळीत. काच फुटली असती तर बोचली नसती का?

रागावलीस तरी लिहीत राहा.
लव्हॉन

सिस्टर्सव्हिल
२३ मार्च

चि. सौ. लव्हॉनला,
खूप खूप आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि कोंबडी खिडकीपाशी नेली. तुऱ्याचं मधलं टोक नाही, बाकीची डावीकडे कललेली. अगं, ही आमची पाळलेली मेबल! लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात थंडीने तिचा तुरा असा झडला होता. डेल्मर तिला कोटात गुंडाळून आत आणायचा आणि थेट जेवायच्या टेबलावर बसवायचा. मी ओरडायची, की माणसांनी जेवायचं कुठे. तो म्हणायचा, जरा दम धर, मला तिचं तोंड नीट बघू दे. मला वाटायचं, लाड चाललेत. तो साच्यासाठी बघत होता, आणि तसं कधी बोलला नाही.

आठचा आकडा मागाहून कोणीतरी कोरला, काचही मागाहून ओतली. लोखंड मात्र त्याचंच. माणूस गेला तरी त्याचा साचा कामावर जातच असतो, हे एवढी पुस्तकं वाचून माझ्या डोक्यात आलं नाही. तू बोट फिरवलंस म्हणून कळलं. आभार कुठल्या शब्दांत मानू?

ती कपाटात ठेवलेली नाही. जेवायच्या टेबलावर बसली आहे. आता मी काही म्हणत नाही.

ईस्टरला ये, शेवया मी करीन. असाच जीव लावत राहा.
तुझी वहिनी, यूनिस