पळायचा नियम

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आता लिहायला बसलेय. तोंडावर बोलायची हिंमत तेव्हाही नव्हती.

धुळ्याचं आपलं स्वयंपाकघर आठवतंय? रविवारी जेवणं झाली की तुम्ही जमिनीवर हिरवी चादर अंथरायचात, खाली पातेली पालथी घालून डोंगर करायचात आणि शाडूचे अंगठ्याएवढे मावळे-मोगल मांडायचात. वाचनालयातल्या फाटक्या इंग्रजी पुस्तकातले लढाईच्या खेळाचे नियम तुम्ही डिक्शनरी घेऊन वहीत उतरवले होते. घोडदळ एका डावात दोन विती, पायदळ एक. आई ओट्यापाशी उभी राहून ओरडतेय, "तुमना किल्ला आते उचला, माले रातनं वरण टाकनं शे!" एक नियम मात्र पुस्तकातला नव्हता, तुमचा होता. शेजारची तुकडी पळाली की आपल्या तुकडीसाठी फासा टाकायचा. तीनच्या खाली पडला तर तीही पळणार.

कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली. मावळे नकोत, राक्षस हवेत, वेताळ हवेत. तुम्ही रागावला नाहीत. उलट शाडू भिजवून शिंगं वळून दिलीत. वेताळ किती विती उडेल यावर आपण तासभर भांडलो. पण मी लाल पेनाने तुमचा तो नियम खोडला तेव्हा तुम्ही हात धरलात. "राक्षस व्हयना म्हणीसन काय व्हयनं? त्याले बी जीव शे. बाजूना पयना म्हणजे आपला बी पाय सुटतस, बेटा." मग तुम्ही कामाला होतात त्या जिनिंगमधल्या, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातल्या आगीचं सांगितलंत. कापसाने पेट घेतला, सगळे दाराकडे धावले. "बठ्ठा पयनात, मी बी पयनू." तुमचा जोडीदार आत राहिला आणि हात भाजून बाहेर आला. त्याच्यासोबत चहाला बसायचं तुम्हाला पुढे कधी जमलं नाही. हे तुम्ही आईलाही सांगितलं नव्हतं.

आणि मी काय केलं? जळगावचे पाहुणे मला बघायला आले. तुम्ही हौसेने सैन्य मांडलंत. माझे वडील बाहुल्या खेळतात असं त्यांना वाटेल, या भीतीने मी हसत हसत बोलून गेले, "यांच्या खेळात पळायचा नियम आहे हं, स्वतः जिनिंगमधून पळाले होते ना!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. आई मात्र तुमच्याकडे बघत राहिली. तुम्ही एकेक सैनिक उचलून बिस्किटाच्या डब्यात ठेवलात. तो डबा पुन्हा निघाला नाही. लाज वाटते, नाना. आजही भाजी चिरताना आठवलं की सुरी थांबते.

तुमच्यामागे मी तो डबा जळगावला आणला. आता रविवारी आठ-दहा जण जमतात, मास्तर, औषधवाले, कॉलेजची पोरं. सगळ्यांना राक्षसच हवे असतात. तुमचा नियम काढून खेळून पाहिला, तर शेवटचा राक्षस मरेपर्यंत नुसते फासे फेकत बसायचं. जांभया यायला लागल्या. मग गुपचूप परत घातला. थोडा बदललाय. वेताळाला माणसाचं भय नाही, पण शेजारचा वेताळ विरला की त्यालाही फासा. तुम्हाला पटलं असतं.

गेल्या रविवारी सावद्याच्या एका मुलीचं अख्खं सैन्य जिंकता जिंकता पळालं. ती रडकुंडीला यायची सोडून उड्याच मारायला लागली! "मॅडम, काय भारी नियम आहे! कुणी केला?" खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. तुमची वही माझ्या पर्समध्ये होती. तुमचं नाव घेतलं असतं तर कोण हसणार होतं? कुणीच नाही. मी म्हटलं, "सुचला मला असाच." त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या.

हा कागद वहीतच घडी घालून ठेवते, त्या लाल रेघेच्या पानात. तुम्ही पळालात तेव्हा शेजारचे सगळे पळत होते, नाना. माझ्या शेजारचं कुणीच पळालं नव्हतं.