गुडघ्याची बिजागरी

३ ऑक्टोबर १९३८, अमरावती

कटर फिरतो, पण त्याच्याखाली जागाच नाही! पट्टी पकडीत धरली की वर दोन बोटंही उरत नाहीत. अकोल्याच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगातून हे लोखंड कापायचं छोटं मिलिंग मशीन उचललं, तेव्हाच कळायला हवं होतं. आणि मी शाळेत विज्ञान शिकवतो!

तापात सिंधूचा डावा पाय लुळा पडला, त्याला दोन वर्षं होत आली. उभी राहिली की गुडघा दुमडतो. डॉक्टरांनी चित्र काढून दिलंय — पायाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, गुडघ्याशी बिजागरी. उभं राहताना खटका अडकला पाहिजे, बसताना सुटला पाहिजे. लोहाराकडून करून घेतली होती. खटका निसटला आणि ती न्हाणीत पडली. म्हणून हे मशीन, आणि म्हणून मागच्या खोलीचा कारखाना.

मशीनचं डोकं वर उचलावं लागेल. खांबाखाली बिडाचा ठोकळा घालायचा.

११ ऑक्टोबर

ठोकळा ओतून आला. घासतोय. हात भरून आलेत.

१९ ऑक्टोबर

बसला! पहिली बिजागरी कापली. कडा खडबडीत, खटका जरासा हलतो, पण अडकतो. सिंधूने बांधून पाहिली. भिंत धरून उभी राहिली — मग भिंत सोडली!

“अहो, झालं की हे! पुरे आता.”

“हलतंय गं. थोडं थांब.”

सोडून घेतली. डोकं उंच झाल्यामुळे मशीन थरथरतं, म्हणून कडा तशा. बैठक जड केली पाहिजे.

२६ ऑक्टोबर

बार्शीटाकळीहून शेषराव आला. सासरे तिथे भिक्षुकी करतात, त्यांच्या शेजारीच याचा भाजीचा मळा. दारातूनच म्हणाला, “गुर्जी लय बिमार हायेत. बाईची आठवन काढून राह्यले.”

सिंधू म्हणाली, “आजच निघू या.”

मी म्हटलं, पंधरा दिवस दे. त्यांच्यासमोर चालत जाशील.

“चालाचं काय घेऊन बसले मास्तर? मी खुर्चीत बसवून नेतो ना बाईले!”

नको म्हटलं. स्टेशनभर लोक बघणार, माझी बायको खुर्चीतून चाललीय... तोंडाने बोललो नाही हे. तिला कळलं असणार.

“मग ती पहिलीच बांधून द्या.”

ती मी कालच चिरली होती. नव्या खटक्याला पोलाद हवं होतं.

शेषराव एकटाच गेला.

१ नोव्हेंबर

बैठकीखाली दगडी फरशी घातली, चारी बोल्ट नवे. थरथर गेली! खाच आरशासारखी निघते. जेवायची आठवण राहिली नाही. सिंधू दाराशी येऊन बसली होती. “अजून काय करून राहिले तुम्ही?” एवढंच विचारलं. मी तिला खाच दाखवली. तिने पाहिली नाही.

६ नोव्हेंबर

सासरे गेले. तार आली.

८ नोव्हेंबर, बार्शीटाकळी

शेवटी खुर्चीतूनच आणलं तिला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हमाल. बडनेऱ्याला गाडी बदलली, अकोल्याला बदलली. कोणी मान वळवून पाहिलं नाही. एका म्हातारीने तेवढं सरकून जागा करून दिली. बस्स!

सासूबाई म्हणाल्या, “बोलणं बंद झालं तरी दाराकडंच पाहत होते.”

सिंधू रडली नाही. संध्याकाळी ओट्यावर मी शेजारी बसलो. नवा खटका होत आला होता, असं काहीतरी पुटपुटलो. लाज वाटते लिहायला.

ती म्हणाली, “बाबांना मला चालताना पाहायचं नव्हतं. मला पाहायचं होतं.”

१९ नोव्हेंबर, अमरावती

परत आलोय. घरात बोलणं कामापुरतं.

मशीनकडे पाहवत नव्हतं. तरी उभा राहिलो. काम सोपं होतं. मी अवघड करून घेतलं होतं. तिच्या पायासाठी आणलेलं मशीन, आणि महिनाभर मी मशीनचेच पाय बळकट करत बसलो.

२२ नोव्हेंबर

झाली. पट्ट्या बांधल्या. खटका अडकतो, सुटतो, तसूभर हलत नाही. सिंधू ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. वळली. परत आली.

“चांगली झालीय,” म्हणाली. परक्या कारागिराला म्हणावं तशी.

२५ नोव्हेंबर

सिंधू आज आईकडे गेली. शेषराव न्यायला आला होता. टांग्यापर्यंत चालत गेली. पायरीशी मी हात पुढे केला. “राहू द्या.”

“न्यायला कधी येऊ?”

“येऊ नका,” म्हणाली. “यावंसं वाटलं तर माझी मी येईन.”

टांगा वळेपर्यंत मी रस्त्यातच उभा होतो.