मीठ बरोबर आहे ना

प्रिय संजू,

भाईंदर पश्चिमेहून तुझ्या मीरा रोडला रिक्षाने यायला असा कितीसा वेळ लागतो! तरी तुझा बाप पत्र लिहायला बसलाय, तेही तुझ्या शाळेच्या पत्त्यावर. अक्षर वाकडंतिकडं येतंय ते वयामुळे नाही. रविवारी एक नाटक पाहून आलो, तेव्हापासून जी भीती बसलीय, ती काही केल्या जात नाही. तुझी आई म्हणते, "नाटकंच बघत बसा, घाबरायला घरात काही कमी पडलं होतं?" पण तीही तेव्हापासून धड जेवलेली नाही.

लग्नाआधी तू विचारायचीस, "बाबा, नवीन काय बघू?" सातवीत शाळा सुटलेल्या फिटरला बी.एड. झालेली लेक असं विचारते, याचा मला केवढा मान वाटायचा. तर आधी तेच सांगतो. निहार नावाच्या एका पोराने 'टाकीची चावी' लिहिलंय. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची चावी हरवते आणि अख्खी बिल्डिंग एकमेकांकडे चोरासारखी बघायला लागते. सेक्रेटरी हिंदीत भांडण काढतो आणि फारच चिडला की मराठीवर येतो, "ओ काका, आवाज खाली!" हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. दुसरं 'उलटा पंखा', चंदन नावाच्या मुलाचं. ते मला अर्धंच कळलं, पण जे कळलं ते आठवडाभर कानात भुणभुणत होतं. ही नवी पोरं टाळ्यांसाठी वाक्यं लिहीत नाहीत गं. आपण घरात बोलतो, तेच उचलून समोर ठेवतात. म्हणूनच धडकी भरते.

तिसरं, रविवारी पाहिलं ते, इशिता नावाच्या मुलीचं, 'मीठ बरोबर आहे ना'. एक टेबल, नवरा आणि बायको. त्यात आरडाओरडा नाही, हात उगारणं नाही. बायको वाढते आणि विचारते, "मीठ बरोबर आहे ना?" पहिल्यांदा सगळं थिएटर हसलं, कारण हे कुणाच्या घरात विचारत नाहीत? तुझ्या आईनेही मला कोपराने ढोसलं. दुसऱ्यांदा थोडे हसले. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा त्याने घास तोंडात घातलाही नव्हता, आणि तिने दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ गच्च धरली होती. त्याने ताट जरासं बाजूला सरकवलं, एवढंच. मग कुणीच हसलं नाही. तुझ्या आईने माझं मनगट धरलं, तिची नखं रुतली तरी मला सोडवून घेववेना.

आम्हा दोघांना एकदम दसरा आठवला होता. तुम्ही दोघं जेवायला आला होतात. स्वयंपाक तुझ्या आईचा, घर तुझ्या आईबापाचं, आणि अभिनवरावांचा हात वरणभाताकडे गेला न गेला तोच तू विचारलंस, "मीठ बरोबर आहे ना?" तुझी आई केवढी फुगली होती! "माझ्या वरणाचं मीठ ही नवऱ्याला विचारणार?" मी तिची थट्टा केली, तिची समजूत काढली. तू तेव्हा बसली होतीस की उभी होतीस, हे आता आम्हा दोघांनाही आठवत नाही.

आणि फोनचं म्हणशील तर सकाळी करा, दुपारी करा, संध्याकाळी करा, तुझा फोन अभिनवरावच उचलतात. "बोला बाबा, ती आंघोळीला गेलीय." आवाज अगदी गोड. आई आधी म्हणायची, "पोरगी मासोळी झाली की काय?" आता म्हणत नाही. तुझा फोन नंतर येतो, पण स्पीकरवर. मागे टीव्ही बंद करून कुणीतरी ऐकतंय, हे आम्हाला इकडे कळतं.

म्हणून हे पत्र शाळेत. शुक्रवारी शाळा सुटली की मी गेटपाशी स्कूटर घेऊन उभा असेन. कुणी विचारलं तर सांग, बाबा नाटकाला नेतायत. तिकिटं खरीच काढली आहेत. माझी समजूत चुकली असेल तर तोंडावर हस, म्हण की म्हातारा नाटकं बघून येडा झालाय. आपण नाटक बघू, वडापाव खाऊ, मी तुला दारापर्यंत सोडेन. पण चुकली नसेल, तर मला काही सांगू नकोस, कपडे घ्यायला घरी जाऊ नकोस, नुसती मागे येऊन बस. तुझ्या आईने खोली आवरून ठेवलीय. नातेवाईक, सोसायटी, कोण काय म्हणेल, ते माझ्याकडे लागलं. हे पत्र तिथेच फाडून टाक, पर्समध्ये ठेवू नकोस. मला फार भीती वाटतेय, बाळा. तू गेटमधून बाहेर आली नाहीस तर मी तसाच तुझ्या घरी येईन, बेल दाबेन. पण दार उघडायला ते येतील, आणि तू पुन्हा आंघोळीला गेलेली असशील.

शुक्रवारी गेटपाशी उभा असणारा,
तुझाच,
बाबा