वर ताजं, खाली कालचं

आये, परवा डॉक्टरांच्या खोलीत एका पोरीने मला चेहऱ्यांचं चित्र दाखवलं. एका टोकाला हसणारं तोंड, दुसऱ्या टोकाला रडणारं, मध्ये उतरत्या क्रमाने बाकीची. किती दुखतं त्याप्रमाणे बोट ठेवायचं, तोंडाने सांगायची तसदीसुद्धा नाही. मी हसणाऱ्याच्या शेजारच्या तोंडावर बोट ठेवलं. अगदी हसणाऱ्यावरच ठेवलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं, एवढी अक्कल मला तुझ्याकडूनच आली आहे. ते बोटसुद्धा सरळ होत नव्हतं. पोरगी 'छान आहे, आजी' म्हणाली आणि लिहून घेतलं. माझी नात शेजारी बसून माझ्याकडे नुसती बघत राहिली, कारण सकाळी माझ्या झग्याची बटणं तिनेच लावली होती. तुझंच दुखणं मला आलं आहे. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात ते नव्हे, तुझं ते बोटांचे सांधे सुजून वाकडे करणारं. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्याहून वयाने मोठी आहे, आणि तरी त्या खोलीत बसले की वाटतं, तू मागच्या बाकावर बसून माझं खोटं ऐकते आहेस.

तुझ्या हातांची पाचूबंदरात ख्याती होती. होड्या लागल्या की बायका किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या, आणि दोन बोंबलांचे जबडे एकात एक अडकवून जोडी दोरीवर टाकायचं काम तुझ्याइतकं झपाट्याने कुणी करत नसे. तू गप्पा मारत, खाली न बघता अडकवत जायचीस. मग एका हिवाळ्यात सकाळची बोटं मिटेनात. आधी तू थंडीला बोल लावलास, मग पाण्याला, मग माझ्या आजीच्या नजरेला. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला देवळात सगळ्यांचे हात जोडलेले असायचे आणि तुझे पदराखाली. तळवे एकमेकांना टेकत नव्हते. लोकांना वाटे, बाई भक्तीत बुडाली आहे. मी तेव्हा नुकती लग्न होऊन पलीकडच्या आळीत गेले होते, आणि देवळात तुझ्या शेजारी बसताना मी माझाही पदर पुढे ओढून घ्यायची, कुणाला तुझे हात दिसू नयेत म्हणून. तुझी लाज झाकते आहे असं मी स्वतःला सांगत होते. झाकत होते माझी.

फादरांनी ओळख काढून दिली आणि आपण दोघी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जाऊ लागलो. तिथली तऱ्हा नवी होती. एका दुखण्याला चार माणसं. डॉक्टर, सुई देणारी सिस्टर, व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई, आणि घरचं काम वाकड्या हातांनी कसं करायचं ते शिकवणाऱ्या दुसऱ्या बाई. ठरलेल्या वारी चौघं एका टेबलाभोवती बसायची, तुला मध्ये बसवायची आणि तुझ्याबद्दल तुझ्यासमोरच बोलायची. तुला ते फार आवडलं. घरी येऊन तू सांगायचीस, "होडीवानीच हाय तितं. डाक्टर तांडेल आनि बाकी खलाशी." व्यायामाच्या बाई ऊन मेणात तुझे हात बुडवून एकेक बोट सोडवायच्या. कामाच्या बाईंनी तुझ्या सुरीच्या मुठीला चिंध्या गुंडाळून ती जाडजूड केली आणि म्हणाल्या, मूठ जाड असली की बोटांना कमी वळावं लागतं. तू त्यांच्यासमोर मान डोलावलीस आणि बाहेर आल्यावर म्हणालीस, "सुरीला लुगडं नेसवलं बग!"

डॉक्टरांनी सोन्याची सुई सुरू केली. खरंच सोनं असायचं त्या औषधात, आणि ही बातमी आपल्या बंदरावर पसरायला कितीसा वेळ लागणार! हिच्या अंगात सोनं भरतात म्हणून बायका बघायला यायच्या. तू त्यांना सांगायचीस, "मेल्यावर मला पुरू नका गो, सोनाराकडं न्या." हळूहळू गुण आला. सकाळी बोटं लवकर सुटायला लागली. एके दिवशी मी आले तेव्हा तू दोरीखाली बसली होतीस, आणि तुझ्या मांडीवर बोंबलांची एक जोडी होती, जबड्यात जबडा नीट अडकवलेली. तू ती दोरीवर टाकत नव्हतीस, नुसती बघत होतीस. मी म्हटलं, "टाक ना." तू म्हणालीस, "थांब जरा." तुझा तो चेहरा मला अजून दिसतो.

त्या सुईसोबत एक अट होती. दर खेपेला सकाळची लघवी बाटलीत भरून न्यायची. सिस्टर ती दिव्यावर तापवून बघायची, कारण सोनं मूत्रपिंडाला बाधू शकतं आणि बाधलं तर ते तिथे आधी कळतं. एकदा तापवलेल्या नळीत किंचित पांढरं दिसलं. सिस्टर म्हणाली, "मावशी, पुढच्या खेपेलाही असंच आलं तर सुई थांबवावी लागेल हं." तू हसून मान डोलावलीस. परतीच्या वाटेवर टांग्यात रिकामी बाटली पदराखाली धरून बसलीस.

मासळी विकणारीला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पाटीत वर ताजं मांडायचं, कालचं खाली. पापडीच्या बाजारात गिऱ्हाइकाने हात घातला की वरच्याचा लालभडक कल्ला उघडून दाखवायचा आणि म्हणायचं, "ताजं हाय." तू आयुष्यभर हे केलंस, सगळ्याच करतात, त्यात कुणाला पाप वाटत नाही. पुढच्या खेपेच्या सकाळी तू माझ्या दारात उभी, हातात धुतलेली बाटली. "बाय, आज तुजी भर." मी दचकले. तू म्हणालीस, "कोनाला समजनार हाय? त्याच्यावर काय नाव लिवलेलं असतं?" मी भरली. त्यानंतरच्या खेपांनाही भरली. मला तो बोंबील दिसत होता, आणि सुई थांबली तर काय, एवढंच मनात होतं. नळी स्वच्छ यायची, सिस्टर खूश, डॉक्टर खूश, आणि सुई चालू. तुझे डोळे सुजले तर तू म्हणायचीस, सुकट खाल्ली, खारं झालं. पाय सुजले तर टांग्यात लोंबकळून. व्यायामाच्या बाईंनी विचारलं, घरी व्यायाम करता का, तर "करते ना." चौघांनाही तू गिऱ्हाइकासारखं बघून, ज्याला जे हवं ते दिलंस.

मग एक दिवस सिस्टरने दुसरी तपासणी केली. निळ्या औषधात थेंब टाकून तापवलं आणि रंग विटेसारखा झाला. लघवीत साखर. तिने पुन्हा करून पाहिलं. चौघं टेबलाभोवती जमली आणि तुझ्या या नव्या दुखण्यावर बोलू लागली, आहार काय ठेवायचा, सुई चालू ठेवायची की कसं. तू त्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होतीस. मला औषधांच्या वासाने मळमळून आलं आणि मी बाहेरच्या मोरीकडे धावले. परत आले तेव्हा सगळी माझ्याकडे बघत होती. व्यायामाच्या बाईंनी विचारलं, "तुला दिवस गेलेत का गं?" मी होकाराची मान हलवली. दिवस गेले की कधीकधी लघवीत साखर उतरते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. "ही बाटली कुणाची?" मी जमिनीकडे पाहिलं. तू म्हणालीस, "माजीच हाय." आणि मग तुझ्या ध्यानात आलं त्यांनी आधी काय विचारलं ते. "दिवस गेलेत? मला नाय सांगितलंस ते?" तू खोटं विसरलीस, इस्पितळ विसरलीस, वाकड्या हातांनी माझं तोंड धरलंस आणि चार परक्या माणसांपुढे हसू लागलीस. तुझं ते हसू मला आतून कापत गेलं, कारण तुझ्या खांद्यावरून मला सिस्टरचा चेहरा दिसत होता.

व्यायामाच्या बाई भडकल्या. "आम्ही चौघं इतके दिवस इथे बसून कुणाच्या तब्येतीवर बोलत होतो, मावशी?" तू पदर ओढून हात झाकलेस आणि म्हणालीस, "बाय, बोंबील अडकवला मी. तो सोडवत नव्हता." बाईंनी एक रिकामी बाटली उचलून तुझ्यापुढे ठेवली. त्याच दिवशी तुझी खरी लघवी तपासली तर नळीत दुधासारखं पांढरं आलं. सुई कायमची बंद. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पहिल्यांदा पांढरं दिसलं तेव्हापासून खरं कळत गेलं असतं तर थोडे दिवस थांबवून परत जपून देता आली असती. ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.

अंगावरची सूज उतरली, तब्येत सावरली, पण हात पहिल्यापेक्षा वाईट झाले. माझ्या पहिल्या पोराला तू हातांनी घेतलंच नाहीस, कोपरांवर घेतलंस, ओंडका उचलावा तसं. त्याने तुझं बोट धरायला हात पुढे केला की तू त्याला पदराचं टोक द्यायचीस. त्यानंतर तू इस्पितळात यायला तयार नव्हतीस. ती माणसं बोलावत होती, सुई नसली तरी मेण आहे, व्यायाम आहे, म्हणून निरोप पाठवत होती. तू म्हणालीस, "कंच्या तोंडानं जाऊ?" आणि मी तुला नेलं नाही. मलाही त्या टेबलापुढे तोंड दाखवायचं नव्हतं. कुमसाराला बाटलीचं पाप मी फादरांना सांगितलं, आणि त्यांनी दिलेल्या प्रार्थना म्हणून झाल्यावर सुटल्यासारखं वाटलं. तुला मात्र त्यातून काही मिळालं नाही.

आता माणिकपूरच्या दवाखान्यात तसंच टेबल आहे. डॉक्टर, सिस्टर, व्यायामाची ती चित्रवाली पोरगी, सगळी मिळून बसतात, मी नाही गेले तर फोन करतात. आजच्या औषधांसाठी माझं रक्त काढून तपासतात, त्यात फसवाफसवी चालत नाही. पण सकाळी किती वेळ बोटं आखडतात, रात्री झोप लागते का, पोळी लाटता येते का, हे रक्तात दिसत नाही, ते मलाच सांगावं लागतं. आणि मी सांगते, बरं आहे. का सांगते? सुई बंद होईल अशी भीती मला नाही. उलट दुखतं म्हटलं तर ती औषध वाढवतील, आणखी काही करतील. मला त्या पोरीसमोर दुखणाईत दिसायचं नाही, बस्स. तुझ्या खोटेपणाला निदान एक कारण होतं, आये. तुला तुझे हात हवे होते. मला नुसता पदर पुढे ओढायचा आहे. तुझ्यावर जे गुदरलं ते डोळ्यांनी बघून मी एवढंच शिकले, याची मला तुझ्यासमोर फार लाज वाटते.

परवा बाहेर पडताना नात म्हणाली, "आजी, मी सांगू का त्यांना?" मी तिच्यावर खेकसले. घरी आल्यावर तिने माझी बटणं काढून दिली.

हे पत्र मी पेनाला जुन्या साडीची पट्टी गुंडाळून लिहिते आहे. कामाच्या बाईंचं बरोबर होतं, मूठ जाड असली की कमी वळावं लागतं. तरी थांबत थांबत लिहावं लागतं आहे. कुठे पाठवायचं नाही ते, म्हणून इथे सांगते. उठल्यावर बराच वेळ माझी मूठ मिटत नाही. चहाचा कप दोन मनगटांत धरते. नातीच्या पोरीला मी अजून हातात घेतलेलं नाही, झगा खराब होईल म्हणते. आये, मला फार दुखतं. शुक्रवारी परत जायचं आहे, ती पोरगी परत चित्र पुढे करील, आणि माझ्या तोंडावर आत्तापासूनच तुझा शब्द येऊन बसला आहे, "ताजं हाय."