एकसष्टावा ठिपका

३ मार्च २०२५
अमरावतीत पोचले. इमरानमामू अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत सोबत आले. फळवाल्याशी भांडून त्यांनी इफ्तारीसाठी खजूर घेतले, बॅगा ऑटोत टाकून दिल्या. खोली छान आहे, खिडकी पूर्वेची. घरमालकीण गोदाबाई म्हणाल्या, तारे तं दिवसा दिसत नाईत, मंग तू सकाळी दहाले जाऊन काय पाह्यतं वो? मी हसले. माझी लेक अरीबा सहा वर्षांची आहे. तिचे अब्बा, दानिश, गेल्यापासून ती माझ्याशिवाय झोपत नाही. ईद झाली की तिला अम्मीकडून इथे आणायचं. त्यासाठी खगोल संस्थेतली ही नोकरी टिकली पाहिजे.

५ मार्च
मला एका लंबवर्तुळाकार दीर्घिकेचं क्ष-किरणांतलं चित्र दिलं आहे. म्हातारी दीर्घिका, नवे तारे जवळपास जन्मतच नाहीत. तापलेल्या वायूची धूसर प्रभा आणि तीत एकसष्ट ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे बहुधा एक मेलेला तारा, सोबतच्या जिवंत ताऱ्याला ओढून घेणारा. आम्हाला फक्त वायू मोजायचा आहे. म्हणून ठिपका पुसायचा आणि त्या जागी आजूबाजूचाच उजेड भरायचा. माझ्या वरिष्ठ सत्यभामा मॅडमनी बजावलं, भोक दिसाले नको. तिथं काही होतं हे कोणाले समजू नये.

मला हे काम छान जमतं. आज चौदा पुसले.

१२ मार्च
साठ झाले. सहज मागची पानं चाळली. पहिल्याच पानावर कुणी इमरानमामू आहेत. अक्षर माझंच. पण मला मामू नाहीत.

अम्मीला फोन केला. ती म्हणाली, तुले मामू कुठून येईन? मी तं एकटीच होतो मायबापाले. रोजा लागला काय तुले?

निकाहचा फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. दोन माणसांमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. तिथे पडद्याची नक्षी सलग गेली आहे. जोड कुठेच दिसत नाही.

१३ मार्च
मी चित्र त्याच नावाने साठवत गेले. मूळ प्रत ठेवलीच नाही. वेधशाळेच्या संग्रहातून पुन्हा उतरवून घेतली, तर तिथेही आता एकच ठिपका. साठ जागी सपाट उजेड. आणखी कोण कोण गेलं असेल? मला कसं कळणार—

एकसष्टाव्याला हात लावणार नाही.

१७ मार्च
मॅडम सकाळी खुशीत. एकच राह्यला होता, तो मीच पुसला म्हणाल्या. तुले लेकरापाशी जायचं आहे ना, घे सुट्टी.

तिथूनच फोन केला. अरीबाला दे म्हटलं.  अम्मी हळूच म्हणाली—तुले कधी लेकरू झालं, माय? दानिश गेला तवाच मी म्हटलं होतं, दुसरा निकाह कर. एकटीनं असं होते.

ती रडत होती. माझ्यासाठी.

१७ मार्च, दुपार
लिहून ठेवते. पटापट. डाव्या गालावर तीळ. पुढचे दोन दात पडलेले. शेवयांतले बदाम आधी वेचून खाते. रागावली की पलंगाखाली—पलंगाखाली जाऊन—

आवाज कसा? आवाज लिहिता येत नाही.

झोपताना माझं बोट धरते. उजव्या हाताचं. सोडवलं तर जागी होते. कोण जागी