सतनामचं नाव तुम्ही कधी घेतलं नाही

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्याला वर्ष झालं आणि वर्षभर मी मनातसुद्धा तुमच्याशी बोलले नाही. राग होता. पण काल तुमच्या नातवाचं, ओंकारचं, पोस्टिंग आलं. सोमवारी लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनवर रुजू व्हायचंय. लगेच आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी पेढे खायला हजर! रविवारी सत्कार ठेवलाय म्हणे, आणि त्यात मी तुमच्या एकाहत्तरच्या लढाईची गोष्ट सांगायची. कुठली सांगू?

दर सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभं राहून सांगायचात, ती? दोन तळहातांची दोन विमानं करायचात. समोरासमोरची झुंज, घिरट्या, हुलकावण्या, आणि शेवटी शत्रूचा हात गपकन खाली. काय तो रुबाब! अख्खं नायगाव टाळ्या वाजवायचं. मीही वाजवल्यात.

माझा डावा कान आठवतो? सहावीत होते मी. मागून दबकत यायचं, मानेवर सणसणीत फटका द्यायचा आणि म्हणायचं, "मेलीस!" हा तुमचा खेळ. मागं न बघणारा मरतो, हे पोरीला शिकवत होतात. एकदा फटका कानावर बसला आणि फ्रॉकच्या खांद्यावर रक्त उतरलं. आई तुमच्या अंगावर धावून गेली. तुम्ही शांतपणे म्हणालात, आता ती विसरणार नाही. नाहीच विसरले. आजही वसईच्या बाजारात दहा पावलं गेले की मागं वळून बघते. कोळणी हसतात मला.

त्या फटक्यामागचं कारण कळायला तुम्हाला खाटेला खिळावं लागलं.

दवाखान्यात दुपारची पेज भरवत होते. ओंकार तेव्हा ट्रेनिंगला होता. त्यानं फोनवर विचारलं होतं, ते मी तुम्हाला विचारलं. आजोबा जिंकले कशानं? धाडसानं की नशिबानं? तुम्ही चमचा बाजूला सारलात. शहरी मराठी गळून पडली आणि मिठागरावरच्या आजीची बोली तोंडात आली.

"कसली झुंज गो? त्या मानसानं मला बघितलंच नाय."

मग सगळं सांगितलंत. तो एकटा चालला होता, मान खाली घालून, कसला तरी काटा नाहीतर नकाशा बघत. तुमची नजर घारीची, कितीतरी लांबून तुम्ही त्याला बघितलं होतं. पोटाखालून वर आलात, जिथून त्याला दिसणंच शक्य नव्हतं. लांबून गोळ्या वाया घालवतो तो मूर्ख, म्हणालात. त्याच्या शिरस्त्राणावरचा ओरखडा दिसेपर्यंत थांबलात आणि मग बटण दाबलंत. पंख कापडासारखा फाटला. काच आतून लाल झाली. त्याचं डोकं होतं तिथं काही उरलंच नाही.

आधी बघायचं, अगदी जवळ जायचं, मारायचं आणि पडणाऱ्याकडे न बघता पळायचं. जिंकणं म्हणजे एवढंच, म्हणालात. चांगला वैमानिक झुंजतच नाही, तो मारून निघून जातो.

"मग तुम्ही गेलात ना निघून?" मी विचारलं.

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

नाही गेलात. पेटलेलं विमान गरगरत खाली चाललं होतं आणि तुम्ही एका अंगावर कलून ते बघत राहिलात. पहिलीच शिकार होती ती. उरलेला माणूस जळताना दिसत होता, म्हणालात, आणि नजर हलेना. किती वेळ? चार श्वास? पाच?

तेवढ्यात तुमच्या मागं दुसरं विमान लागलं. सतनामनं ते बघितलं. सतनाम तुमचा नंबर दोन. नंबर एकनं मारायचं आणि नंबर दोननं त्याची पाठ राखायची, ही तुमच्याकडची रीत. तो रेडिओवर ओरडला, डावीकडे वळा. पुन्हा ओरडला. तुम्हाला ऐकू आलं, अण्णा. ऐकू आलं आणि तरी तुम्ही आणखी एकदा खाली बघितलंत. तुमच्यावरच्या गोळ्या अडवायला तो स्वतःच मध्ये घुसला. त्याचं विमान हवेतच फुटलं. छत्री उघडली नाही.

तुम्ही परत आलात. पदक मिळालं, पुढं लग्न झालं, मी जन्मले. तळावर तुमच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या त्या पोराचं नाव मात्र झेंड्याखाली एकदाही घेतलं नाहीत! इतकी वर्षं मूग गिळून बसलात. त्याच्या आईला तरी कळवायचं होतं. आणि फटके मला? तुमच्या चुकीचे?

काल रात्री जेवताना ओंकारला सगळं सांगून टाकलं. खोटं कशाला बोलू, तो जाऊच नये असं मला वाटत होतं. आजोबांची गोष्ट ऐकून पोरगं कचरेल, अशी आशा होती. तो सुक्या जवळ्याचा आणि भाकरीचा घास हातात धरून ऐकत राहिला. आजोबांवर चिडला नाही. मला म्हणाला, आता रडारवर शत्रू कुठल्या कुठं दिसतो, पण आधी बघणाराच जगतो हे तसंच आहे. मग घास ताटात ठेवला.

"आई, मला कुणी लगेच नंबर एक करणार नाही. नवीन पोरं नंबर दोनच असतात."

इतका वेळ मी त्याला तुमच्या जागी बघत होते.

सेक्रेटरींना निरोप धाडलाय की मी बोलेन, पण सतनामबद्दल बोलेन. तुमचं नाव खाली येईल. येऊ दे.

आणि अण्णा, हा माझा शब्द. ओंकारचा नंबर एक जो कुणी असेल, त्याला मी पहिल्याच सुट्टीत घरी जेवायला बोलावणार आहे. पोटभर वाढीन, आणि ताटावरून उठायच्या आधी तुम्ही त्या दिवशी काय केलंत ते शब्द न शब्द सांगीन. त्याला कितीही वाईट वाटो. माझं पोरगं त्याच्या मागं उडणार आहे.

तुमची,
सुमन