नागपंचमीचा वायदा

हिंगोली, कार्तिक, १९३९

प्रिय हरिचंद,

अनुसयावहिनींनी पाठवलेले मूग पोहोचले. घरी माझी हलीमा खूश आहे. माझं अक्षर पाहून डोंगरकड्याच्या शाळेतले आपले पंतोजी कपाळाला हात लावायचे, ते आठव आणि सांभाळून वाच.

नागपंचमीला आपण कापसाचा सौदा केला. रुमालाखाली तू एक बोट जास्त दाबलंस, म्हणजे मणामागे एक रुपया वाढव. मी हसत ते बोट मिटवलं. दोस्तीखातर तू ताणलं नाहीस. दिवाळीला द्यायच्या मालाचा भाव बोंड फुटायच्या आधीच बांधला गेला. मग तिकडे विलायतेत लढाई पेटली, भाव दुपटीला टेकला, आणि इकडे तुमच्या तांड्यावर परतीच्या पावसानं बोंडं काळी पडली. मला दोन्ही ठाऊक होतं.

तरी तू माल आणलास. पांढराशुभ्र. तो तुझ्या शेतातला नव्हे, हे हात लावताच कळलं. गाडीला बैलही तुझ्या भावकीतल्या रामसिंगचे होते. "जबान दिली व्हती मी. बराबर मोजून घे," एवढंच तू म्हणालास. मी मोजून घेतलं. तुझी जोडी विकून तू हा माल चढ्या भावानं घेतलास, हे ताडलं, तरी जोडी कुठं आहे, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर सौदा सोडावा लागला असता.

दिवाळीला मुनीम पुनमचंदनं हिशोब मांडला. बांधलेला भाव एकीकडे, बाजाराचा दुसरीकडे, मधला फरक आपला नफा, असं म्हणून त्यानं पेढा पुढं केला. हा फरक कुणाच्या गोठ्यातून आला, ते लिहायची रीत नाही. मी पेढा तसाच परत ठेवला. लाज वाटते रे मला.

तुझे बैल कनेरगावच्या एका गाडीवानाकडे सापडले. त्यानं मागितली ती किंमत देऊन आणले. तांबडा माझ्या हातचा चारा खात नाही. फुकट तू घेणार नाहीस, म्हणून नवा वायदा करू. बैल आज ने. तू ते जेवढ्याला विकलेस, तेवढ्याचा कापूस पुढच्या साली दे. भाव मात्र माल येईल त्या दिवशीचा. पीक बुडालं तर वायदाही बुडाला. खरं तर मीच जोडी घेऊन यायला हवं होतं. दोनदा निघालो आणि वेशीवरून परतलो. तुझ्या रिकाम्या गोठ्यासमोर उभं राहायची हिंमत होत नाही, म्हणून हे पत्र रामसिंगच्या हाती देतो. ये.

तुझाच,
युसूफ